पुतणीची सुपारी फुटली, मला शेजारणीकडून कळलं

प्रश्न : मी सोलापुरात युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाई करते. घरात मोठी सून. सकाळी सगळ्यांचे डबे करून जाते, आल्यावर परत स्वयंपाक, पण कुठल्याच गोष्टीत मला कोणी विचारत नाही. मागच्या महिन्यात पुतणीची सुपारी फुटली ते पण शेजारणीकडून कळलं. रोज देवापुढं दिवा लावते, पण आता वाटतंय त्याचंही माझ्याकडं लक्ष नसेल.

उत्तर : ताई, हे लागणारच हो मनाला. फक्त घरच्यांनी विचारलं नाही म्हणून देवानंही टाकलं, असं धरू नका.

आपल्याच जिल्ह्यातलं मंगळवेढं घ्या. १३३८ मध्ये तिथं गावकुसाची भिंत कोसळून मजूर गाडले गेले, त्यात चोखोबा होते. ढिगाऱ्यातली हाडं कोणाची, कोण ओळखणार, आणि मजुरांची कोणाला पडलेली असते? पण नामदेवांनी हाडं कानाला लावून बघितली आणि ज्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबांची, असं वारकरी सांगत आलेत. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारापाशी आहे, नामदेव पायरीसमोर, कधी गेलात तर तिथं दोन मिनिटं थांबा. मला तर गाभाऱ्याइतकीच ती जागा जवळची वाटते.

त्यांना देवळाबाहेर ठेवलं ते माणसांनी, विठ्ठलानं नाही. आणि ते दार दलितांसाठी उघडायला १९४७ साल उजाडलं, त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. म्हणजे देव आपलं मानतो ना, मग गप सोसत राहा, असं मी अजिबात सांगणार नाही. चोखोबांनी अभंगात देवाला सरळ जाब विचारलाय, जनाबाई तर नामदेवांच्या घरची दासी, पण विठ्ठलाशी हक्कानं भांडायची. तुम्हीपण दिवा लावून मुकाट उठू नका, बोला त्याच्याशी, राग आलाय तर रागानं बोला, रडू आलं तर रडा, परक्यापुढं आपण असं करत नाही ना.

आणि घरातपण बोला. लग्न अजून व्हायचंय, बस्ता बांधायचाय, आणि कापडातलं त्या घरात तुमच्याइतकं कळतंय कोणाला? सासूबाईंना आजच सांगा, बस्त्याला मी येणार, माझ्या सुट्टीचा वार धरा. नाही म्हणाल्या तर वाईट वाटेल, वाटू दे, पण तुमची किंमत त्यांच्या हो-नाहीवर ठरत नाही, म्हणूनच न घाबरता विचारा.