ठेकेदाराकडे काम करताना भावाची दोन बोटं गेली. तो सभासद नाही, तरी युनियन मदत करेल का?

करेल. पण त्याआधी एक गोष्ट. ठेकेदार घरी येऊन थोडी रक्कम आणि एक सही मागतोय असं तुम्ही लिहिलंय. ती सही भावाला करू देऊ नका. हक्क सोडून देणारा करार कायद्यात टिकत नाही, आणि भरपाईची तडजोड नुकसानभरपाई आयुक्तांकडे, म्हणजे असे दावे ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, नोंदवावी लागते; रक्कम अपुरी वाटली तर ते नोंदणी नाकारू शकतात. तरी असा कागद एकदा झाला की प्रकरण लांबतं आणि माणूस थकतो, हे मी युनियनच्या कामात वारंवार पाहिलंय.

युनियनचा खरा उपयोग पहिल्या काही दिवसांतच होतो. प्रेस मशीनवर बोटं गेली की मालकाकडून ठरलेलं उत्तर येतं: गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून मशीनला असलेलं संरक्षक कवच, त्यानेच काढला होता. कामगाराच्या नुसत्या निष्काळजीपणावर भरपाई नाकारता येत नाही, पण त्याने जाणूनबुजून सुरक्षा साधन काढलं हे सिद्ध झालं, तर बोटांच्या प्रकरणात ती नाकारता येते. म्हणून सगळी लढाई तिथे होते. उत्पादन वाढावं म्हणून सुपरवायझरनेच गार्ड काढायला लावला होता का, सेन्सर किती दिवस बंद होता, शेजारच्या मशीनवर कोण होतं, हे सोबतच्या कामगारांनाच माहीत असतं. एकटा भाऊ विचारायला गेला तर नोकरीच्या भीतीने कोणी बोलणार नाही. युनियन पाठीशी असली की दोघंतिघं तरी जबाब देतात. महिनाभराने तीच माणसं दुसऱ्या ठेकेदाराकडे गेलेली असतात, म्हणून घाई करा.

मग ईएसआय, म्हणजे कामगारांसाठीची सरकारी विमा योजना. भावाची नोंदणी असेल तर भरपाई ईएसआयकडून मिळते, मालकावर वेगळा दावा होत नाही: आधी रजेच्या काळात पगाराच्या 90 टक्के, आणि कायमचं अपंगत्व ठरलं की दरमहा रक्कम. कामावरच्या अपघातासाठी किती महिने वर्गणी भरली ही अट नाही. ठेकेदाराने नोंदणीच केली नव्हती म्हणूनही हक्क जात नाही. काही ठेकेदार अपघातानंतर घाईने नोंदणी करतात, तेव्हा कार्डावरची तारीख नीट बघा.

ईएसआय लागू नसेल तर दावा नुकसानभरपाई आयुक्तांकडे, मुदत दोन वर्षं. 1923 च्या कामगार भरपाई कायद्यातल्या या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. ठेकेदार हात वर करेल, पण मुख्य कंपनीही जबाबदार असते, तिचं नाव दाव्यात घालाच. एका हाताची दोन बोटं गेली तर कमाईच्या क्षमतेचं नुकसान 20 टक्के धरतात. एकट्या तर्जनीचं पाहिलं तर पूर्ण गेली तर 14, एकच पेर गेलं तर 9. त्यामुळे डॉक्टरांच्या दाखल्यात कुठलं बोट, कुठल्या पेरापर्यंत, हे स्पष्ट हवं. मोघम दाखल्याने कामगाराचंच नुकसान होतं.

आयुक्तांसमोर वकीलच हवा असं नाही. लेखी अधिकार दिला तर नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारीही बाजू मांडू शकतो. कंत्राटी कामगाराला सभासद होता येतं, अपघातानंतरही. कारखान्यात युनियन नसेल तर सिटू, आयटक, इंटक, बीएमएस किंवा हिंद मजदूर सभा अशा देशपातळीवरच्या कामगार संघटनेच्या जवळच्या कार्यालयात जा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून औद्योगिक कामगाराला मोफत वकीलही मिळतो. मात्र जो पुढारी भरपाईत टक्केवारी मागेल किंवा कोऱ्या कागदावर सही घेईल, त्याच्या दारातून परत या. वर्गणीची पावती मागायला लाजू नका.

जाताना गेट पास, पगार बँकेत जमा झाल्याच्या नोंदी, ठेकेदाराचे फोनवरचे मेसेज, दवाखान्याचे सगळे कागद आणि शेजारच्या मशीनवरच्यांची नावं न्या. हजेरीची नोंद ठेकेदाराच्या ताब्यात असेल तर ती मागणारं पत्र युनियनच्या लेटरहेडवर त्याच दिवशी पाठवायला सांगा.