पानं ‘गोठवली’ की मांडली?

वडोदऱ्याच्या एका ताईंनी विचारलं आहे : “मी माझ्या वैयक्तिक संकेतस्थळाचं रूप बदललं आणि वर सूचना लिहिली, ‘संकेतस्थळात बरेच फेरफार केले असून सगळी पानं नव्याने गोठवली आहेत.’ पुण्याच्या मावसबहिणीचा लगेच फोन : साइटमध्ये कुणी घुसलं का, आणि पानं बंद का केलीस? माझं काय चुकलं? रिडिझाइनला नूतनीकरण म्हणू का?”

ताई, ‘गोठवली’ आणि ‘फेरफार’ या दोन्ही शब्दांत गुजरातीचा शेजार बोलतो आहे. गुजरातीत ‘गोठववुं’ म्हणजे वस्तू जागच्या जागी नीट लावणं. मराठीत मात्र थंडीने बोटं गोठतात आणि बँक खातं गोठवते, म्हणून बहिणीला पानं बंद पडल्यासारखी वाटली. ‘फेरफार’ची गोष्ट जरा वेगळी. तो गुजरातीत साधा बदल आहे आणि मराठीतही मुळात तोच. जमिनीच्या दप्तरात ‘फेरफार नोंद’ रीतसर होते. पण ‘कागदपत्रांत फेरफार’, ‘वीजमीटरमध्ये फेरफार’ असं बातम्यांत इतकं वाचलेलं असतं की त्या शब्दाला संशय चिकटला आहे.

घरात ‘कपाट नीट गोठव’ म्हणत असाल तर खुशाल म्हणा. 1931 साली याच शहरातून ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा आठ भाषांचा राज्यकारभाराचा कोश निघाला, त्यात गुजराती आणि मराठी शब्द शेजारी शेजारी आहेत. इथली मराठी त्याच शेजारात वाढली, ती पुसून टाकावी असं मला मुळीच वाटत नाही. संकेतस्थळ मात्र पुणे, नागपूर, इंदूर सगळीकडे वाचलं जाणार, म्हणून तिथे सगळ्यांना कळेल तो शब्द हवा.

तो आहे ‘मांडणी’. आपण पाट मांडतो, संसार मांडतो, मुद्दा मांडतो. ज्यात काही विचाराने, कुणासाठी तरी, समोर ठेवायचं असतं तिथे मराठी माणूस ‘मांडणे’ हेच क्रियापद उचलतो. छापखान्यानेही तेच उचललं. पुस्तकात ‘अक्षरजुळणी’, ‘मुखपृष्ठ’ यांच्या जोडीला ‘मांडणी’ असतेच. पडद्यावरच्या पानालाही हे सगळे शब्द जसेच्या तसे लागू पडतात : कडेची कोरी जागा म्हणजे समास, उभे भाग म्हणजे रकाने, वरचा तो मथळा. ते हाताशी असताना नवे घडवण्याची गरज नाही. (मथळ्यावरून आठवलं : इंग्रजीत शोभतं म्हणून देवनागरी अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेघ तुटते. ओळींमधलं अंतर मात्र थोडं सढळ ठेवा, म्हणजे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडणार नाहीत.)

‘नूतनीकरण’ मी टाळेन. परवान्याचं, विम्याचं नूतनीकरण होतं, म्हणजे मुदत वाढते. संकेतस्थळाच्या नावाचीही ठरावीक मुदतीने फी भरावी लागते, तेव्हा वाचणाऱ्याला तुम्ही तीच भरल्याचं वाटेल. ‘पुनर्रचना’ चालेल, पण पानांचे विभाग आणि पत्ते बदलले असतील तरच. नुसता रंग आणि टंक (फॉन्ट) बदलला तर तो शब्द जड होतो. ‘कायापालट’ इतरांनी म्हणावा, आपल्याच कामाला आपण म्हणू नये.

तुमची सूचना मी अशी लिहीन : ‘संकेतस्थळाची मांडणी बदलली आहे. जुने लेख आता डावीकडच्या रकान्यात, सालवार लावले आहेत.’ दुसरं वाक्य तुमच्या पानाप्रमाणे बदला, पण गाळू नका. रोज येणाऱ्याला कालचा लेख आज कुठे सापडेल, एवढंच हवं असतं.