वाचकांचे प्रश्न : काचेच्या पेटीतली लेथ

प्रश्न : शहरातल्या एका संग्रहालयात फूटभर लांबीची लेथ (धातूचा तुकडा फिरवत कापायचं यंत्र) पाहिली. बटण दाबलं की चक (तुकडा पकडून फिरवणारा जबडा) फिरायचा. शाळेतली मुलं विचारतात, हिच्यावर खरंच लोखंड कापता येतं का? भाऊ, काय सांगू?
— एक शिक्षक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : गुरुजी, येतं. पण तशी लेथ बनवणं फार कठीण काम आहे, हे मुलांना आधी सांगा.

आमचं वर्कशॉप हिंगणघाटला. जिनिंगच्या रोलरचे शाफ्ट, ट्रॅक्टरच्या पिना, बुश, हे रोजचं काम. आमची सहा फुटी लेथ सहापट लहान केली तर एक फुटाची होईल, पण वजन 216 पटीनं उतरेल. टनभराची लेथ पाच किलोच्याही आत! लेथला वजन लागतंच, टूलचा, म्हणजे कापणाऱ्या हत्याराचा, हादरा तेच पिऊन घेतं. छोटीवर खोल कट घेतला की टूल थरथरतं आणि जॉबवर, म्हणजे कापायच्या तुकड्यावर, लाटा उमटतात. म्हणून कट अगदी बारीक घ्यायचा. फेरेही वाढवावे लागतात : मिनिटाला 30 मीटर कटिंग स्पीड धरली, तर 100 मिलिमीटर व्यासाच्या जॉबला मिनिटाला 95 फेरे पुरतात, 10 मिलिमीटरच्या जॉबला 955 लागतात.

खरी कसोटी ढिलाईची. मोठ्या लेथच्या स्क्रू-नटात 0.1 मिलिमीटर प्ले, म्हणजे ढिलाई, असला तर कारागिराचा हात तो सांभाळून घेतो. छोटीत तेवढ्यानं सगळं माप बिघडतं. लेथ लहान केली म्हणून प्ले आपोआप लहान होत नाही, तो घासून-बसवून काढावा लागतो. असं चालतं मॉडेल करणाऱ्याला मी फार मानतो.

पुढच्या वेळी मुलांना चकाच्या मागचे गिअर दाखवा. इंग्लंडच्या हेन्री मॉड्स्लीनं 1800 च्या सुमारास गिअरच्या याच जोडणीवर अचूक आटे पाडणारी लेथ केली. ती लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. मॉडेलमध्ये दात बारीक होतात, पण त्यांची संख्या तीच ठेवता येते. स्पिंडलवर (चक फिरवणाऱ्या दांड्यावर) 20 आणि लीडस्क्रूवर (टूल पुढे सरकवणाऱ्या लांब आट्याच्या दांड्यावर) 80 दातांचा गिअर असेल, तर चकाच्या 4 फेऱ्यांत लीडस्क्रूचा 1 व्हायला हवा. तिथल्या माणसाला विनंती करून मोटर बंद करायला लावा आणि चक हातानं फिरवायला सांगा. हाफनट (कॅरेजला लीडस्क्रूशी जोडणारा दुभागलेला नट) लावल्यावर त्या 4 फेऱ्यांत कॅरेज, म्हणजे टूल धरून सरकणारा भाग, लीडस्क्रूचा एक आटा पुढे सरकली, तर लेथ कामाची. चक फिरतो आणि कॅरेज जागची हलत नाही, तर ती नुसती दाखवायची.