मशीनचा पट्टा आधी परत द्या

प्रश्न : मी इचलकरंजीत घरी ब्लाउज शिवते, अठरा वर्षं झाली. मिस्टर सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, कामाला आहेत. थोरलीला बारावी सायन्सला ५८ टक्के पडले, सीईटी तर जेमतेम. पुन्हा बसवायचं म्हणून क्लासला १२ हजार आगाऊ भरलेत. पण तिचं सगळं लक्ष शिवणात. मैत्रिणींचे ड्रेस शिवते, प्रत्येक कपड्याला खिसा लावते आणि म्हणते, मला माझी स्टाईल तयार करायची आहे. मध्यंतरी मैत्रिणीच्या आजीच्या इरकल साडीचा ड्रेस शिवला आणि १२०० रुपये घेतले, त्यातले अर्धे आधीच. मलाच लाज वाटली. मी या मशीनवर मान आणि कंबर घालवली. अस्तराच्या ब्लाउजचे २५० मिळतात, त्यातही घासाघीस. तिने माझ्यासारखं होऊ नये म्हणून माझं काम झालं की मी मशीनचा पट्टा काढून कपाटात ठेवते. अगदीच ऐकेना तर फॅशन डिझायनिंगला घालावं का? निदान मशीनवर तरी बसावं लागणार नाही.
— एक आई

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातल्या ५८ टक्क्यांवर मला फार बोलायचं नाही. मी अडकले ती पट्ट्यापाशी. सकाळी कपाट उघडायचं, पट्टा चाकावर चढवायचा, दिवसभर लोकांचे ब्लाउज शिवायचे आणि रात्री तो उतरवून पुन्हा आत. दारुड्याच्या घरात बाटली लपवतात, तसा तुम्ही पट्टा लपवताय. आणि लपवताय कशाचा, तर ज्या मशीनने अठरा वर्षं या घराला हातभार लावला तिचा. मुलगी रोज हे बघते. आईला स्वतःच्या कामाची किळस आहे, एवढंच तिला त्यातून कळतं. सीईटीचा अभ्यास करायला हवा, हे नाही कळत.

तुमच्या मानेचं आणि कमरेचं दुखणं खरं आहे, ते मी खोटं ठरवत नाही. पण ते दिलं कुणी? मशीनने, की २५० रुपयांनी? एकदा पाटीवर मांडून बघू. अस्तर तुमचंच असेल तर त्याचे ७० धरा. हूक, दोरा, कॅनव्हास मिळून २०. उरले १६०. आता वेळ. अस्तर पाण्यातून काढून वाळवायचं, इस्त्री करायची, माप घ्यायचं, कापड बेतायचं, कापायचं, शिवायचं, हूक-आय हाताने लावायचे, गळ्याला हातशिलाई घालायची. मग बाई घालून बघायला येतात आणि म्हणतात, दंडात जरा सैल करा. चहापाणी आणि गप्पा सोडल्या तरी चार तास जातात. म्हणजे तासाला ४० रुपये, आणि वीज, सुया, मशीनची दुरुस्ती यातूनच. एवढ्या दरात घर चालवायचं तर दिवसाला तीन-तीन ब्लाउज उरकावे लागतात. मान जाते ती तिथे.

तुमच्या गावात हे मला सांगावं लागतंय, याचं नवल वाटतं. इचलकरंजीत यंत्रमागावर मीटरची मजुरी पिकांवर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या संख्येवर, ठरते आणि त्यातल्या पैशापैशासाठी कामगार आणि मालक हमरीतुमरीवर येतात. मिस्टरांना विचारा. आडव्या धाग्यांची मोजदाद करणाऱ्या या गावात तुम्ही तुमचे तास अठरा वर्षं मोजले नाहीत. बाईने घरात बसून केलेलं काम म्हणजे फावल्या वेळातलं, असं सगळे समजतात. पण तुम्हीही तेच समजलात, याचं मला जास्त वाईट वाटतं. (मीही साधू नाही. माझ्या ब्लाउजवाल्या मावशींशी मी वर्षानुवर्षं वीस-तीस रुपयांसाठी हुज्जत घातली आहे, आणि तिथूनच निघून तेवढ्याच पैशांची कॉफी प्यायले आहे.)

आणि तुम्हाला लाज कशाची वाटली, तर मुलीने १२०० रुपये मागितले याची! तिने केलं काय ते तरी बघा. इरकल साडीचा पदर अंगाला कोंडी घालून, म्हणजे धाग्यांचे फासे एकमेकांत अडकवून, जोडलेला असतो. जुन्या साडीत घडीवरचं कापड विरलेलं असतं. काठ आणि अंग सारखं आटत नाही. अशी साडी, तीही कुणाच्या तरी आजीची, पुढ्यात घेऊन कात्री चालवायची म्हणजे छाती लागते. चुकलं तर दुसरी साडी आणून देता येत नाही. त्या जोखमीचे तिने पैसे घेतले, आणि अर्धे आधी घेतले म्हणजे गिऱ्हाईक अर्ध्यात पळून जाणार नाही हेही पाहिलं. धंद्याचं हे शहाणपण तिला कुणी शिकवलं ठाऊक नाही. तुम्ही तर नक्कीच नाही.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याकडे येते, कारण तोच समज घेऊन दर जूनमध्ये पालक माझ्याकडे येतात. फॅशन डिझायनर एसीत बसून चित्रं काढतो आणि शिवायला वेगळी माणसं असतात, हा तो समज. फॅशन डिझाइनच्या कुठल्याही बऱ्या अभ्यासक्रमात पॅटर्न कापणं, पुतळ्यावर कापड लावून कपड्याचा आकार काढणं आणि कपडा प्रत्यक्ष शिवणं हे मुख्य विषय असतात. मुलं मशीनवर रात्री जागवतात. नुसती चित्रं काढून आलेली पहिल्या सहामाहीत रडकुंडीला येतात, कारण कागदावरची बाही मुंढ्यात, म्हणजे बाही जोडायच्या गोलाईत, बसत नाही. बाहीचा माथा मुंढ्याच्या घेरापेक्षा किती मोठा ठेवायचा, ही गोष्ट हाताला कळावी लागते. तुमच्या मुलीला ती कळते आहे, आणि तुम्ही तिला ती कळू नये म्हणून लाखभर रुपयांच्या कोर्सला घालायला निघालात. वेशभूषाकार भानू अथैयांच्या ‘गांधी’ चित्रपटाच्या ऑस्करचं उदाहरण पालक मला हमखास ऐकवतात. त्या तुमच्या शेजारच्या कोल्हापूरच्या, म्हणून तुम्हालाही कुणी ऐकवलं असेल. पण १९८३च्या त्या ऑस्करच्या कितीतरी आधी त्या मासिकासाठी फॅशनची चित्रं काढत होत्या आणि एका बुटीकसाठी कपडे करत होत्या, हे सांगणारं कुणी भेटत नाही. मुलीसमोर ऑस्कर नाचवू नका. पण कपड्याला हात लावल्याने प्रतिष्ठा जाते, असंही शिकवू नका.

‘माझी स्टाईल’ या शब्दांची तुम्ही चेष्टा केली आहे, असं पत्राच्या सुरावरून वाटलं. मला तिथेच सगळ्यात जास्त जीव दिसला. स्टाईल म्हणजे लटकनं, आरी वर्क आणि पाठीचे चित्रविचित्र गळे, असं धरून चालणाऱ्या शंभर जणी आहेत आणि त्या सगळ्या एकमेकींचे फोटो बघून शिवतात. मापाने शिवणाऱ्या बाईची स्टाईल तिच्या निर्णयांत असते. गिऱ्हाईक फोनवरचा फोटो पुढे करतं, अस्सा गळा हवा म्हणतं. फोटोतल्या बाईचे खांदे सरळ आणि हिचे उतरते. तो रुंद, खोल गळा हिच्या अंगावर दर पाच मिनिटांनी घसरणार. मग एकजण मुकाट्याने शिवून देते, दुसरी मागे नाडी लावते आणि तिसरी म्हणते, वहिनी, पाठ खोल ठेवते पण खांद्याशी गळा अरुंद करते, बघा कसा बसतो. ही तिसरी पुढे जाते. तिच्याकडे लोक ‘तिच्यासारखं’ शिवायला येतात.

तुमच्या मुलीचा खिसा हा असाच निर्णय आहे. बायकांच्या कपड्यांना खिसे नसतात ही रोजची अडचण तिला टोचली आणि तिने ती प्रत्येक कपड्यात सोडवली. तुम्हाला ते वेड वाटत असेल. माझ्या मते तीच तिची खूण. फक्त एक विचारा तिला, मोबाइल ठेवला की बाजूची शिवण ओढली जाते का? जात असणार. मग खिशाची पिशवी कमरेच्या शिवणीत कशी अडकवायची ते तिला दाखवा. हे तुम्हाला येतं, तिला अजून येत नसेल. आणि तुमचीही स्टाईल आहे, ताई. अठरा वर्षं बायका तुमच्याकडे येतात त्या फक्त स्वस्त म्हणून येत नाहीत. कुणाला मुंढ्यात चुणी नको असेल, कुणाला बाळंतपणानंतर पुन्हा अंगावर बसणारा ब्लाउज हवा असेल, म्हणून तुम्ही आत माया ठेवत असाल. शिवणीत ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला आपल्याकडे ‘माया’ म्हणतात. ती तुम्ही गिऱ्हाइकांसाठी ठेवता, लेकीसाठीही थोडी ठेवा. तुमच्या मापांच्या जुन्या वह्या असतील तर रद्दीत घालू नका, धंद्याचं खरं भांडवल ते आहे.

मुलीलाही दोन शब्द सुनावते, कारण मी काही तिची वकील नाही. बाई गं, आत्तापर्यंतची तुझी गिऱ्हाइकं मैत्रिणी आहेत, आणि मैत्रीण चुकलेलं फिटिंगही हसून घालते. अनोळखी बाईचा लग्नातला ब्लाउज आदल्या दिवशी छातीत घट्ट निघाला की काय होतं ते आईला विचार. भारी कापडाला हात लावण्याआधी मांजरपाटावर शिवून अंगावर घालून बघायची सवय लाव. गळ्याच्या पट्टीला उरेब (तिरकं कापलेलं) कापड का लागतं, उभ्या धाग्यावर का चालत नाही, हे तोंडपाठ नको, हाताला कळू दे. तारीख दिलीस तर पाळ. शिंप्याची तारीख हा महाराष्ट्रातला सर्वांत जुना विनोद आहे आणि तो मोडून काढणं हीसुद्धा स्टाईलच. दिवाळी आणि लग्नसराईत श्वास घ्यायला फुरसत नसते आणि पितृपक्षात दारात चिटपाखरू येत नाही, तेव्हा कमाई बारा महिन्यांची मोजायची, एका दिवाळीची नाही. आणि कुठल्या आत्याला, कुठल्या मामीला फुकट शिवून द्यायचं, याची यादी आजच छोटी कर.

पुढच्या शिक्षणाचं थोडक्यात. सीईटीला पुन्हा बसवू नका, कारण तिला ते नको आहे आणि तुम्हालाही फक्त मशीनपासून पळ काढायचा आहे. गावात वस्त्रोद्योगाचं इंजिनिअरिंग आहे म्हणून तिथे ढकलू नका, तिथला भर मुख्यतः सूत आणि कापड तयार करण्यावर, मापाने कपडा शिवण्यावर नाही. आयटीआयमध्ये शिवणाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, तो मला तिच्यासाठी आत्ता सर्वांत बरा वाटतो : खर्च कमी आणि हात पक्का. निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेचं केंद्र आपल्याकडे खारघरला आहे. चार वर्षांच्या डिझाइन पदवीला कुठल्याही शाखेची बारावी चालते, पण प्रवेश परीक्षा देशपातळीवरची आणि फी मोठी, तेव्हा एक वर्ष शिवून झाल्यावरही तिला तेच हवं असेल तर बघा. सोबत मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करू दे, हिशोब लिहिता यायला हवा.

खरं तर पत्र मुलीबद्दल असलं तरी मला सल्ला द्यायचा आहे तो तुम्हाला. केंद्र सरकारच्या कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपी हा एक धंदा आहे. नोंदणी घरातल्या एकाच माणसाला करता येते, म्हणून ती मुलीच्या नावाने नको, अठरा वर्षं काम करणारीच्या नावाने करा. प्रशिक्षणाबरोबर अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि पुढे ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज अशी ती रचना आहे. सीएससी केंद्रात (सरकारी योजनांचे अर्ज भरून देतात तिथे) जाऊन नोंदणीचं सध्या काय चाललंय ते विचारा. पैसे हातात येईपर्यंत एक करा : पुढच्या महिन्यापासून नव्या गिऱ्हाइकाला अस्तराच्या ब्लाउजचे ४०० सांगा. जुन्यांना दिवाळीनंतर. काही जणी सोडून जातील, जाऊ द्या. दिवसाला तीनऐवजी दोन ब्लाउज झाले तरी पैसे कमी होणार नाहीत आणि मानेला आराम पडेल. ४०० हा आकडा तोंडातून निघत नसेल तर मुलीला पुढे बसवा. तिला मागायची लाज नाही. फक्त तिला हूक लावायची फुकटची पोरगी करू नका. तिने केलेल्या कामाचा हिशोब वेगळ्या वहीत ठेवा आणि पैसे तिच्या खात्यात घाला.

मिस्टरांचं मत तुमच्या पत्रात एका ओळीनेही आलेलं नाही. विचारलं आहे का त्यांना?

आणि क्लासवाल्यांकडे उद्याच जा. शिकवणी सुरू व्हायच्या आत गेलात तर भरलेल्या १२ हजारांतले काही तरी परत मागता येतील. मिळाले तर कापडाच्या कडा बांधणारं ओव्हरलॉक मशीन बघायला तिला बरोबर घेऊन जा, कुठलं घ्यायचं ते तिला ठरवू द्या.