तातियाना बिलबाओचं करिअर नेमकं कसं घडलं? तिने सरकारी ऑफिसातून सुरुवात केली हे खरं आहे का?

तू लिहिलंयस की आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला केस स्टडी म्हणून मेक्सिकोची आर्किटेक्ट तातियाना बिलबाओ मिळाली आहे, नेटवर नुसती इमारतींची नावं आणि चकाचक फोटो सापडतात, पण ही बाई मेक्सिकोतून इथपर्यंत पोचली कशी, आणि आधी सरकारी ऑफिसात होती हे खरं का. हो, खरं आहे, आणि माझ्या मते तिचं सगळं तिथूनच सुरू होतं. तू ज्युनिअर आहेस म्हणून एकेरीत बोलते, राग मानू नकोस. मी आर्किटेक्ट आहे, बारा वर्षं झाली, त्यातली निम्मी स्वस्त घरांच्या कामात गेली, म्हणून तिच्याबद्दल मला जरा जास्तच बोलावंसं वाटतं.

तिचा जन्म १९७२चा, मेक्सिको सिटीतला. आजोबा तोमास बिलबाओ हे स्पेनच्या बास्क भागातले आर्किटेक्ट, तिकडच्या रिपब्लिकन सरकारात मंत्री होते, आणि यादवी युद्ध हरल्यावर देश सोडून मेक्सिकोला आले. म्हणजे घरात आर्किटेक्चरही होतं आणि राजकारणही. ती इबेरोअमेरिकाना विद्यापीठात शिकली, १९९६ला पास झाली. त्यानंतर १९९८-९९ मधे मेक्सिको सिटीच्या शहरविकास आणि गृहनिर्माण खात्यात सल्लागार. आपल्याकडे कुठलाही हुशार पोरगा पास होऊन असल्या खात्यात गेला की घरचे म्हणतात वाया गेला, पण विचार कर, सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी एवढ्या अवाढव्य शहराचं घरांचं गणित आतून बघते आहे, जमीन कुठे आहे, पैसा कुठून येतो, कागद कुठे अडतो. हे कॉलेजमधे कोणी शिकवत नाही.

तिथून बाहेर पडल्यावर १९९९ला फेर्नांदो रोमेरो या आर्किटेक्टबरोबर एक ग्रुप काढला, शहराची प्रयोगशाळा अशा अर्थाचं नाव होतं, आणि २००४ मधे स्वतःचं ऑफिस. त्याच वर्षी डेरेक डेलेकाम्प, मिशेल रोहकिंड अशा बरोबरीच्या आर्किटेक्टांना घेऊन मेक्सिको सिटीच्या अभ्यासाचं एक केंद्रही सुरू केलं. ही गोष्ट केस स्टडीत नक्की लिही, कारण ऑफिस नवीन, कामं हातात नाहीत, आणि त्या अवस्थेत ही मंडळी एकमेकांची स्पर्धक असून एकत्र बसून शहराचा अभ्यास करत होती. पुढे यातलंच एक नाव तिच्या सगळ्यात सुंदर कामात परत येतं, ते सांगते खाली.

मग चीनमधे जिन्हुआच्या पार्कातला छोटा पॅव्हेलियन आला, तो आय वेवे या चिनी कलाकाराच्या बोलावण्यावरून, मग कुलियाकानची बोटॅनिकल गार्डन आली. कुलियाकान हे सिनालोआ राज्याचं शहर, बातम्यांमधे कायम ड्रग्जच्या मारामारीमुळे येतं, आणि तिथे लोकांना निवांत फिरायला म्हणून हे काम वर्षानुवर्षं टप्प्याटप्प्याने चाललं, रस्त्यांची आखणी झाडाच्या फांद्यांच्या नक्षीवरून घेतली, मधे मधे छोट्या इमारती आणि कलाकृती पेरल्या.

यानंतरचं काम आपल्या लोकांना लगेच कळेल असं आहे. हालिस्को राज्यात अमेकापासून ताल्पा दे आयेंदेपर्यंत ११७ किलोमीटरची पायवाट आहे, ताल्पाच्या मेरीमातेच्या दर्शनाला दरवर्षी सुमारे वीस लाख लोक डोंगर तुडवत चालत जातात, मुख्य गर्दी ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात. वाटेत ना सावली ना टेकायला जागा. वारी बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. तातियाना आणि डेलेकाम्पने या वाटेसाठी सगळ्यांची मोट बांधली, चिलीचं एलेमेंताल नावाचं ऑफिस, स्वित्झर्लंडची दोन ऑफिसं, आय वेवे, लुइस आल्द्रेते, आणि प्रत्येकाला एकेक ठिकाण वाटून दिलं, कुणी निवारा केला, कुणी डोंगराच्या टोकावर थांबा. तिने आणि डेलेकाम्पने मिळून केलेली प्रार्थनेची जागा म्हणजे नुसत्या चार उंच पांढऱ्या भिंती, वर छप्पर नाही, दार नाही. लोक श्रद्धेने येतातच, त्यांना श्रद्धा शिकवायची नाहीये, पाय दुखतायत तिथे थांबायला जागा द्यायची आहे, हे त्यांना कळलं होतं. मला तर वाटतं डिझाइन कमी करायची हिंमत लागते, आणि ती इथे दिसते.

आता घरांबद्दल, कारण मुख्य गोष्ट हीच. मेक्सिकोत इन्फोनाविट नावाची संस्था आहे, १९७२ साली सुरू झालेली. नोकरदाराच्या पगाराच्या ५ टक्के एवढी रक्कम मालकाने त्यात भरायची आणि त्यातून कामगाराला घरासाठी कर्ज मिळतं. कल्पना उत्तम. पण २०००नंतर बिल्डरांनी या कर्जाच्या जोरावर शहरापासून लांब लांब स्वस्त जमिनीवर एकसारखी खुराडी बांधली, हजारोंनी, ना बस ना शाळा ना काम, आणि लोक कर्ज डोक्यावर घेऊन घरं सोडून परत गेले. रिकाम्या घरांच्या रांगाच्या रांगा. घर दिलं पण राहायची सोय दिली नाही.

या पार्श्वभूमीवर तिने जे केलं ते साधं आहे. लोकांना जाऊन विचारलं की तुम्हाला घर कसं हवंय. आणि उत्तर आर्किटेक्ट लोकांच्या अपेक्षेच्या उलटं आलं. आपल्याला कॉलेजमधे शिकवतात ना, गरिबाला अर्धं घर द्या, उरलेलं तो वाढवत नेईल, आपल्या इथे चार्ल्स कोरियांनी नवी मुंबईत बेलापूरला असा प्रयोग केला होता, चिलीत आरावेना या आर्किटेक्टने केला. विचार बरोबरच आहे. पण तातियानाने ज्यांना विचारलं त्या लोकांनी सांगितलं की वाढवता आलं पाहिजे हे ठीक, पण घर अर्धवट दिसता कामा नये. मेक्सिकोत गच्चीवर कॉलमच्या सळया तशाच वर सोडलेल्या असतात, पुढेमागे पैसे आले तर मजला चढवू म्हणून, आणि त्यांना लोक म्हणतात आशेच्या सळया. आपल्याकडेही प्रत्येक गावात दिसतात, त्यावर बाटल्या उलट्या घातलेल्या असतात. आशा आहे खरी, पण त्या घरात राहणाऱ्या माणसाला रोज उठून आपलं घर पुरं झालेलं नाही हे बघावं लागतं.

म्हणून तिने आकारच पहिल्या दिवशी पूर्ण केला. लहान मूल चित्रात काढतं तसं उतरत्या छपराचं घर. मधला गाभा काँक्रीट ब्लॉकचा पक्का, भोवतीचा भाग हलक्या स्वस्त साहित्याचा, लाकडी पॅलेटसारख्या, म्हणजे माल उतरवतात त्या फळ्यांच्या चौकटी असतात ना, त्या. पहिल्या टप्प्यात दोन बेडरूम, एक बाथरूम, किचन आणि पाच मीटर उंच बैठक. पैसे आले, मुलं वाढली, की त्याच आकारातल्या मोकळ्या जागा भरायच्या, बाहेरून घर आधीही पूर्ण आणि नंतरही पूर्ण. हवामानाप्रमाणे साहित्य बदलायचं. तिथल्या त्यावेळच्या नियमाने घर किमान ४३ चौरस मीटर लागायचं, तिचं त्याहून मोठं बसलं, आणि खर्च सुरुवातीला सुमारे ८ हजार डॉलर, त्यावेळच्या भावाने आपले साधारण सव्वापाच लाख. २०१५ला शिकागोच्या आर्किटेक्चर बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या प्रदर्शनात, तिने हे घर मॉडेल म्हणून नाही तर खऱ्या मापाचं उभं केलं. त्याच वर्षी मे महिन्यात कोआविला राज्यात सिउदाद आकून्या या सीमेवरच्या गावात टोर्नेडो, म्हणजे गरगर फिरणारं वावटळीसारखं वादळ, झालं होतं, तिथे या विचारावर २३ घरं बांधली गेली.

हे मला एवढं का लागतं ते सांगते. नोकरीच्या सुरुवातीला मी एका ऑफिसकडून पुनर्वसनाच्या सर्व्हेला जायचे. फॉर्मवर माणसं किती, खोल्या किती, संडास आहे की नाही, एवढंच. एका घरात एक मावशी शिवणकाम करायच्या, मशीन दाराच्या उजव्या अंगाला, कारण उजेड तिथूनच यायचा, आणि उंबऱ्यावर बसून गिऱ्हाईक मापं द्यायचं. त्यांनी मला विचारलं, नवीन घरात मशीन कुठे ठेवू गं? मी प्लॅन उघडला, दाराच्या उजवीकडे संडासाची भिंत होती. मी म्हटलं, बघते सरांशी बोलून. बोलले पण, तर उत्तर मिळालं की प्लॅन सँक्शन झालाय. त्या घराचं पुढे काय झालं ते बघायला जायची मला हिंमतच झाली नाही. त्यानंतर काही वर्षांनी या बाईचं काम वाचलं आणि रात्रभर झोप आली नाही, कारण विचारणं हे सर्व्हेच्या फॉर्मचं काम नसून डिझाइनचंच काम आहे हे कुणीतरी करून दाखवलं होतं.

तिच्या ऑफिसात रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेली इमारतीची हुबेहूब चित्रं, टाळतात ही गोष्टही त्याच धाग्यातली आहे. गुळगुळीत रेंडर बघितलं की समोरच्याला वाटतं सगळं ठरलंय, आता आपण बोलून काय उपयोग. म्हणून ती मंडळी कोलाज करतात, कागद, फोटो, जुन्या चित्रांचे तुकडे कापून चिकटवतात, आणि हाताने मॉडेल बनवतात, म्हणजे समोरच्याला बोट ठेवून बोलता येतं. तुझ्या शीट्सवर एक तरी कोलाज करून बघ, सर काय म्हणतील ते म्हणू देत.

सगळंच मला आवडतं असं नाही. मॉन्तेरेच्या जंगलातलं आरशाच्या काचांचं घर सुंदर आहे पण मनाला भिडत नाही, श्रीमंताच्या वीकेंडचं घर ते. आणि २३ घरं म्हणजे त्या देशाच्या गरजेपुढे थेंबभर, हे तुझ्या केस स्टडीत प्रामाणिकपणे लिहायलाच हवं. नंतर मेक्सिकोतच अपान या गावी इन्फोनाविटने बऱ्याच आर्किटेक्टांची नमुन्याची घरं एकत्र बांधली, त्यात तिचंही होतं, पण नमुना आणि वस्ती यात फार अंतर आहे, ते अंतर सरकार आणि जमीन यांच्याशिवाय कापता येत नाही, कितीही चांगली आर्किटेक्ट असली तरी. मात्र श्रीमंतांच्या कामातूनही तिने काही शिकून घेतलं हेही खरं. चापाला सरोवराजवळ आहिहिकच्या घराला बजेट कमी होतं तर जागेवरचीच माती ठोकून घट्ट बसवून भिंती उभ्या केल्या.

अलीकडचं मोठं काम म्हणजे मासात्लानचं समुद्राकाठचं मत्स्यालय, २०२३ला उघडलं. एखादा जुना पडका वाडा असावा आणि त्यात झाडं आणि मासे राहायला आले असावेत अशी कल्पना धरून काँक्रीटच्या उंच भिंती रचल्यात, वेली चढतील तशा चढू द्यायच्या. बाकी तिने येल, हार्वर्ड, कोलंबिया असं शिकवलंय, बक्षिसांमधे २०१४चा ग्लोबल अवॉर्ड फॉर सस्टेनेबल आर्किटेक्चर आणि २०१९चं मार्कस प्राइज एवढी दोन लिहिलीस तरी पुरे.

एक राहिलंच, आणि हे तुझ्या सरांना बहुतेक माहीत नसेल. सुरुवातीच्या काळात मेक्सिकोच्या ओआहाका राज्याच्या किनाऱ्यावर, पॅसिफिकच्या काठाशी, गाब्रिएल ओरोस्को या चित्रकार-शिल्पकारासाठी तिने एक घर बांधून दिलं. कल्पना ओरोस्कोची, ती प्रत्यक्षात आणायचं काम तिचं, आणि कल्पना आली कुठून तर दिल्लीच्या जंतरमंतर या वेधशाळेवरून, सवाई जयसिंगाने १७२४ला बांधलेल्या. गच्चीच्या मधोमध अर्धगोल खोलगट वाटी, तीत पाणी, तोच पोहण्याचा तलाव, आणि खोल्या त्या वाटीच्या भोवती. जयसिंगाच्या वाटीत सावली बघून आकाश मोजायचे, इथे पाण्यात पाठीवर पडून तेच आकाश बघायचं. कॉलेजची स्टडी टूर दिल्लीला गेली तर जंतरमंतरमधल्या त्या वाटीच्या, म्हणजे जयप्रकाश यंत्राच्या, काठावर उभी राहून आत वाकून बघ, आणि जमलं तर तिथेच बसून सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढ, ओरोस्कोच्या घराचा सेक्शन मग तुला कागद न बघता काढता येईल.