कापूस चिकटला, पण अक्षर कळलं का?

प्रश्न: मुलगी साडेतीन वर्षांची आहे. मोठ्या छापील अक्षरात ती कापूस, टिकल्या, कागदाचे कपटे चिकटवते. रोज एक अक्षर होतं. फाईल देखणी झालीय, पण 'क' दाखवला तर ओळखत नाही. कुठे चुकतंय?

उत्तर: फाईल तुमची झाली, तिची नाही. चिकटवताना तिचं सगळं लक्ष डिंकावर असतं. 'क' म्हणजे तिच्या लेखी कापसाने भरायची एक वाकडीतिकडी जागा. बोटांना काम मिळालं हे चांगलंच, पण अक्षर शिकायचं तर बोट अक्षराच्या वाटेने फिरायला हवं. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह उघडलं. त्यांच्या पद्धतीत काचकागदाची खरखरीत अक्षरं गुळगुळीत पाटीवर डकवलेली असतात. मूल ज्या दिशेने लिहायचं त्या दिशेने त्यांवरून दोन बोटं फिरवतं आणि उच्चार करतं. आपली धुळाक्षरं तरी वेगळं काय करत होती?

घरी जाड पुठ्ठ्यावर डिंकाने वीतभर उंचीचं अक्षर काढा, वर बारीक वाळू भुरभुरा, रात्रभर सुकू द्या. डिंकाचं काम तुम्ही करा, बोट फिरवायचं काम तिचं. आठवड्याला दोन-तीन अक्षरं पुरेत, आणि तीही दिसायला वेगळी, उदाहरणार्थ 'क' आणि 'ग'.

'हे काय?' हा प्रश्न मात्र सगळ्यात शेवटी. आधी नुसतं सांगा, 'हा क, हा ग.' मग 'क-वर उडी मार', 'ग माझ्या डोक्यावर ठेव' असं चालू द्या. ते सहज जमू लागलं की मग विचारा, 'हा कोण?' बहुतेक घरांत हा शेवटचा प्रश्न पहिल्याच मिनिटाला येतो आणि खेळाची परीक्षा होऊन बसते.

प्रश्न: मुलगा पाचाचा होईल. म-भ आणि घ-ध यांत हमखास गोंधळतो. रोज पानभर गिरवून घेते, तरी तेच.

उत्तर: पानं थांबवा आणि फरक नेमका कुठे आहे तो दाखवा. तो शिरोरेषेत आहे. 'म' आणि 'घ' यांच्या डोक्यावरची रेघ सलग असते. 'भ' आणि 'ध' यांची डावीकडे तुटलेली, तिथे वळण उघडं राहतं. हस्तकलेत आपण एक तर शिरोरेषा गाळतो, नाही तर सगळ्यांना सरसकट एकच पट्टी चिकटवतो. मग मुलाने फरक ओळखायचा कशावरून?

आईस्क्रीमच्या काड्या आणि लोकर घ्या. एक काडी उभी, एक वर आडवी, बाकीचं वळण लोकरीचं. 'म', 'घ' यांना आडवी काडी अख्खी, 'भ', 'ध' यांना अर्धी. 'याचं छप्पर मोडलंय' एवढं म्हटलं तरी मुलाच्या लक्षात राहतं. जोडीतली दोन्ही अक्षरं एकाच दिवशी काढू नका. 'म' पक्का होऊ द्या, मग 'भ' शेजारी आणा.

याच सामानातून एक खेळ निघतो, आणि मला तो सगळ्या हस्तकलांहून आवडतो. लोकरीचा 'व' करा. पोटात तिरकी रेघ टाकली की 'ब'. ती काढून उभ्या काडीच्या उजवीकडे वळण जोडलं की 'क'. 'प'च्या पोटात तीच तिरकी रेघ, झाला 'ष'. 'र'ला 'व' चिकटला की 'ख'. अक्षर डोळ्यांदेखत घडताना बघितलेलं मूल ते सहसा विसरत नाही.

प्रश्न: सुरुवात 'अ'पासून करावी की 'ग म भ न'ने?

उत्तर: हातासाठी 'ग म भ न' बरं, फक्त 'भ' थोडा मागे ठेवा. साधारण तिसऱ्या वर्षी मुलाला गोल काढता येतो, चौथ्याच्या सुमारास अधिकचं चिन्ह, त्रिकोण पाचव्याच्या आसपास. 'अ'ची वळणं या हाताला जड जातात. ओळखण्यासाठी मात्र नावातलं पहिलं अक्षर आधी घ्या. नाव 'ऋ'ने सुरू होत असेल तर बिचारीला नुसतं ओळखू द्या, लिहायला लावू नका.

प्रश्न: चार वर्षांचा मुलगा पाच मिनिटं एका जागी बसत नाही. काय करावं?

उत्तर: बसवू नका. जमिनीवर खडूने चार मोठी अक्षरं काढा. तुम्ही शब्द म्हणायचा, त्याने पहिल्या अक्षरावर जाऊन उभं राहायचं. 'मासा' म्हटलं की 'म'वर. कधी तुम्ही मुद्दाम चुकीच्या अक्षरावर जा. त्याला पकडू द्या. च, ज, झ यांचे शब्द जपून निवडा. 'चाक' आणि 'चिमणी' यांतला 'च' कानाला वेगळा लागतो, आणि या वयात कानच खरा. शेवटच्या अक्षराच्या भेंड्या इतक्यात नकोत. पहिला आवाज आधी सापडतो, शेवटचा बराच नंतर.

प्रश्न: थोरलीची मणी-बटणांची अक्षरं चालू असताना सव्वा वर्षाचा धाकटा मध्ये येतो. भीती वाटते.

उत्तर: वाटायलाच हवी. खेळण्यांच्या तपासणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात. त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती ३ वर्षांखालच्या मुलाच्या हाती देत नाहीत. म्हणजे मणी, बटणं बादच. तो जागा असताना वाळू आणि लोकरही उचलून ठेवा, खडूची अक्षरं चालू द्या. चुंबकी अक्षरांची पाठ दर काही दिवसांनी तपासा. चुंबक सुटून एकाहून अधिक गिळले गेले तर ते आतड्याच्या भिंतींतून एकमेकांना ओढतात. नुसती शंका आली तरी शी होण्याची वाट न बघता ताबडतोब रुग्णालय गाठा.