‘हिरवी’ वाइन आणि तारल्या

प्रश्न : भाचा पोर्तुगालमधल्या पोर्तोला शिकतो. त्याने ‘व्हिन्यु वेर्द’च्या दोन बाटल्या आणल्या. वेर्द म्हणजे हिरवा म्हणे, पण आतली वाइन पाण्यासारखी फिकी. शिवाय ग्लासात ओतल्यावर बारीक बुडबुडे आले. आंबली की काय? दुसरी बाटली दोन वर्षांनी आमच्या लग्नाच्या पंचविशीला उघडावी म्हणते. सोबत खायला काय करू?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पहिली बेसिनमध्ये ओतली नाहीत ना? ते बुडबुडे असायचेच. पूर्वी ते बाटलीतच आपसूक धरायचे, आता बहुतेक ठिकाणी बाटली भरताना थोडा वायू सोडतात. आणि ‘हिरवी’चा रंगाशी संबंध नाही. हिरवी म्हणजे कोवळी, या हंगामाची, लगेच प्यायची.

म्हणून पंचविशीचा बेत रद्द करा. पोर्तोत अकरा वर्षं राहिले, त्यातल्या पहिल्याच वर्षी मीही एक बाटली ‘चांगल्या दिवसासाठी’ कपाटात जपून ठेवली होती. तीन वर्षांनी उघडली तर बुडबुडे गेलेले, वास गेलेला, उरलं नुसतं आंबट पाणी. खालच्या मजल्यावरच्या आजींनी एक घोट घेतला आणि उरलेली सरळ माशाच्या रश्शात ओतली. लेबलवर ‘आल्वारिन्यु’ (द्राक्षाची जात) आणि ‘मोन्सांव-मेल्गासु’ (तिचा पट्टा) असं असेल तर मात्र चार-पाच वर्षं खुशाल ठेवा. ते प्रकरण वेगळं, आणि महागही.

ही वाइन पोर्तुगालच्या वायव्य कोपऱ्यातली, मिन्यु भागातली. तिची हद्द १९०८ साली आखली गेली. जमीन ग्रॅनाइटची आणि पाऊस आपल्या कोकणाची आठवण करून देणारा. जुन्या शेतांत वेली झाडांवर नाहीतर उंच मांडवावर चढवलेल्या दिसतात, खाली मका आणि भाजीपाला. बहुतेक बाटल्यांत दोन-तीन जातींची द्राक्षं मिसळलेली असतात. लोरेइरु वास देतं, आरिंतु लिंबासारखा आंबटपणा, आणि त्राझादुरा त्या आंबटाची धार मारतं. चिंचेच्या आमटीत गूळ करतो तेच काम, फक्त गोडी न आणता.

आता खाणं. २३ जूनच्या रात्री, सांव झुआंवच्या, म्हणजे संत जॉनच्या सणाला, पोर्तोतल्या गल्लोगल्ली निखाऱ्यांवर सार्डिन, म्हणजे आपल्या तारल्यांसारखे मासे, भाजतात. जाडं मीठ, बस्स. मासा मक्याच्या पावाच्या जाड तुकड्यावर ठेवायचा, बोटांनी काटे काढत खायचा आणि तेल मुरलेला पाव सगळ्यात शेवटी. तोंड तेलकट झालं की या वाइनचा गार घोट ते लख्ख करतो. तिथे कुणी ग्लास नाकाशी धरून वास घेत बसत नाही. कारण तोवर मागून कुणीतरी प्लास्टिकचा हातोडा डोक्यात हाणलेला असतो, तीही त्या रात्रीची रीतच.

ठाण्यात तारल्या मिळतील. मीठ-लिंबू लावून तव्यावर खरपूस करा, मसाला आवरता घ्या. तिसऱ्या (शिंपल्या) मिळाल्या तर आणखी छान. तिकडे त्या ऑलिव्ह तेल, लसूण, लिंबू आणि मूठभर कोथिंबिरीत करतात. हो, कोथिंबीर! परदेशात मला पहिल्यांदा माहेरी आल्यासारखं वाटलं ते त्या पातेल्याचं झाकण उघडल्यावर. झणझणीत तिखट मात्र नको, बुडबुड्यांनी जिभेची आग आणखी भडकते. बाटली तीन तास फ्रीजमध्ये ठेवा, ८ ते १० अंश पुरे.

प्रश्न : आम्ही मासे खात नाही. पोर्तोला जाणार आहोत. या वाइनबरोबर काय मागवू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : काल्दु वेर्द. मिन्युचंच सूप : बटाटा शिजवून घोटलेला, त्यात केसासारखी बारीक चिरलेली हिरवी पानं. त्या पानांना तिकडे ‘कोव्ह’ म्हणतात, आपला ‘कोबी’ त्यातूनच आला. वर डुकराच्या सॉसेजची एक चकती असते. ती नको म्हणून आधीच सांगा, नाहीतर ती येतेच.